कडेच्या ओळीचं बियाणं

पिंपळगाव राजा
१८ नोव्हेंबर २०१५

फातिमा,

तू फोन उचलत नाहीस. दिवाळीत रोज लावला. मंग सूनबाई प्रेरणा म्हणे, "आत्याबाई, त्याइनं नंबर बदलला असन, काहाले उगा बटनं दाबता?" म्हणून हे पत्र. सातवी शिकलेली बाई मी, वीस वर्षांत वाणसामानाच्या चिठ्ठीपलीकडं काही लिहिलं नाही. तवा अक्षराले हसशीन तर हस. हसलीस तरी बरंच होईन.

तुमच्या घराचं कुलूप हाय तसंच हाय. अंगणातल्या लिंबोणीले मी एक दिवसाआड दोन बादल्या टाकते. लिंबं बारकी आली, पण आली. संग्रामपूरले तुझ्या भावाच्या घरी जागा पुरते का? शकीलभाऊले काही काम भेटलं का? अलफियाची शिवणमशीन संगं नेली होती ना, तिच्यावर काही शिवते का नाही?

इकडं पाऊस दगा देऊन गेला. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी राह्यली, अजून एकच वेचा झाला. बीटी बीटी करत होते, तर त्या बोंडातही अळी निघून राह्यली. घरधनी वावरातून येतात, हात धुतात, जेवतात, झोपतात. मीही तेच करते.

तळ्यात पाणी उरलं नाही. आपण माशाच्या खाण्याचं भोकं पाडलेलं पोतं बांधत होतो, तो बांबू अजून उभा हाय. पोतंही लटकून राह्यलं. आपल्या बचत गटाच्या दहा बायांपैकी कोणी तिकडं फिरकत नाही. गट मोडला म्हणजे मोडलाच. सोजराबाई अजून अध्यक्ष म्हणून सही करते, काहावर करते देव जाणे.

हो, मत्स्यवाल्या साहेबाचा रिपोर्ट आला. जुलैत मेलेले मासे अन् शकीलभाऊ विकत होते ती सरकीची ढेप बाटल्यांत भरून नेली होती ना, त्याचा. इंग्रजीत हाय, प्रेरणा वाचून राह्यली. ढेपीत काही निघालं नाही म्हणते. नीट समजलं की कळवीन.

अजून एक. साखरखेर्ड्याहून माणसं आली होती तुझ्या अलफियाच्या सोयरिकीच्या चौकशीले. पोराचा बाप अकीलसेठ अन् एक म्हातारा मामा. शेजारी म्हणून माझ्याच दारी आले. म्या चहा केला. पोरगी गुणाची, हात कामाले चांगला, असं सगळं सांगितलं.

दिवाळीले नवं सूप घेतलं. जुनं चुलीत घातलं.

मले काही वाटत नाही फातिमा, हेच लिहाचं होतं. मासे मेले तवाही रडू आलं नाही, तुम्ही टेम्पोत सामान भरलं तवाही नाही. जिभेले मीठ लागत नाही. प्रेरणा म्हणते डॉक्टरले दाखवू. काय दाखवू?

तुझी
झुंबरबाई


पिंपळगाव राजा
२७ नोव्हेंबर २०१५

फातिमा,

उत्तर नाही आलं. नको देऊ. ताकाले जाऊन भांडं लपवणं माझ्यानं आता होत नाही, म्हणून मागं जे अर्धं लिहिलं ते पुरं करते.

पहिलं साखरखेर्ड्याचं. चहा पिऊन अकीलसेठनं इचारलं, "बाई, गावात ऐकलं का पोरीच्या बापानं सडकी ढेप देऊन बायांचे मासे मारले. तुम्ही शेजारच्या, त्याच गटातल्या. खरं काय?" म्या म्हटलं, "दूध उतू जाईन," अन् आत गेली. चुलीवर दूध नव्हतं. आत नुसती उभी राह्यली. बाहेर आली तवा ते चपला घालून राह्यले होते. एवढंच झालं. कोणाची निंदा नाही केली म्या.

आता रिपोर्ट. परवा साहेब स्वतः आले, ओट्यावर बसून समजावून सांगितलं. सरकीच्या ढेपीत मुळातच एक कडू द्रव्य असते म्हणे. म्हैस पचवते, मासा थोडंच पचवते, म्हणून निव्वळ ढेप देऊ नये, कोंडा मिसळावा. आपण मिसळतच होतो. तू तर मापानं मिसळत होतीस, मी घमेलं घेतलं की ओरडत होतीस. दुसरं म्हणजे, ढेपीले का मक्याले ओल लागली तर बुरशी विष धरते. पण ते विष सावकाश मारते. माशाची कलेजी पिवळी पडते, मासा खाणं सोडते, महिनोन्‌महिने वाळत जाते. आपले मासे दीड-दीड किलोचे अन् तुकतुकीत होते. साहेबानं कापला तवा कलेजी चांगली लाल होती. अन् ढेपीत बुरशी सापडली नाही.

"बाई," साहेब म्हणे, "पहिले काय मेलं?"

म्या म्हटलं, झिंगे. खरंच तसं होतं. तुम्ही दोघं ईदीले संग्रामपूरले गेलते, तळ्याचं खाणं दहा दिवस माझ्या एकटीकडं होतं. पहिले पाण्यावर पळणारे किडे दिसेनासे झाले. मंग झिंगे काठाले येऊन उताणे पडले. दोन दिवसांनी रोहू अन् कटला तोंडं वर करून गोल गोल फिराले लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सारं तळं पांढरं.

साहेब म्हणे, "झिंगा म्हणजे किड्याचाच भाऊबंद. किड्याचं औषध त्याले पहिलं लागते. तुम्ही खाण्यात अजून काय टाकलं होतं?"

म्या म्हटलं, "काहीच नाही."

साहेबाले म्या हे सांगितलं. तुले काय सांगू, ते परवापासून ठरवून राह्यली.

झुंबरबाई


पिंपळगाव राजा
५ डिसेंबर २०१५

फातिमा,

बस झालं. सांगते.

बीटीच्या बॅगसंगं एक बारकी पुडी येते, नॉन-बीटीची. वावराच्या कडेनं चार ओळी लावा म्हणतात, म्हणजे अळीले खाले तेवढं मोकळं राहते. आपल्या गावात कोण लावते? अळीले पंगत घालाले कोण ओळी सोडन? सरकी टोबाले आपणच जातो, पुडी आपणच बाजूले ठेवतो, अन् ती घरोघरच्या कोनाड्यात पडून राहते.

मासे आखाडात विकाचे होते, श्रावण लागाच्या आत. उन्हाळ्यात रंगरावच्या तीन बकऱ्या मेल्या होत्या, तुले आठवत असन. बाजारात जो तो म्हणे, बीटीची पऱ्हाटी चरल्या म्हणून मेल्या. खरं का खोटं, कोणी पाह्यलं नाही. पण मले भेव लागलं. शकीलभाऊची ढेप बीटीच्याच सरकीची. आता दुसरी सरकी राह्यली कुठं? त्यात सोजराबाई रोज कानाशी, "त्याइच्या ढेपीचा काय भरोसा, कोणत्या मिलचा कचरा भरून आणतात." ती 'त्याइच्या' कसं म्हणते ते तुले ठाऊक हाय. म्या तिले गप बस नाही म्हटलं. तू समोर असतीस तर म्हटलं असतं. तू ईदीले गेलती.

तवा म्या घरोघर फिरून पुड्या मांगून आणल्या. बेचाळीस. बाया हसून देत होत्या, ने बाई, जागा तर मोकळी होईन. मले वाटलं, बीटी म्हणजे विष, तर नॉन-बीटी म्हणजे बिनविषाचं. तूच सांग, कोणालेही काय वाटलं असतं? पुडीवर मोठ्या अक्षरात तेवढंच होतं, तेवढंच वाचलं. बियाणं गुलाबी होतं. सुपात घेऊन तीन पाण्यानं धुतलं, हात गुलाबी झाले, सूप गुलाबी झालं. उन्हात वाळवलं, चक्कीत भरडलं. मंग शकीलभाऊची ढेप अर्धी कमी केली अन् त्या जागी ही भरड टाकली. मले भल्ली हुशारी वाटली. तुले फोनवर सांगितलं नाही, का तुले वाईट वाटन, नवऱ्याच्या ढेपीवर आपला भरोसा नाही म्हणून.

दिवाळीच्या साफसफाईत प्रेरणाले माळ्यावर एक पुडी भेटली. तिनं मागची बाजू वाचली. विषारी औषध चोळलेलं बियाणं, माणसाले जनावराले खाऊ घालू नये, असं होतं. बारीक अक्षरात होतं, पण होतं. लाल खूणही होती. किडीचं अन् बुरशीचं, दोन्ही औषधं चोळलेली. प्रेरणानं पुडी माझ्या हाती ठेवली अन् पुढचा डबा पुसाले घेतला.

पण पुडीवर ढकलून मी सुटत नाही. झिंगे मेले त्याच दिवशी उरलेली भरड म्या उकिरड्यात पुरली होती. वाचलं नव्हतं, तरी पोटात ठाऊक होतं.

मासे मेल्यावर गटाची बैठक झाली, तिथं सोजराबाईनं ढेपीचं नाव काढलं. तू माझ्या बाजूले बसली होतीस, तुझा पदर माझ्या गुडघ्याखाली अडकला होता. शकीलभाऊ उभे राह्यले अन् माझ्याकडं पाहून म्हणे, "बाई, दहा दिवस खाणं तुम्ही दिलं. तुमचं काही म्हणणं हाय का?" साऱ्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. म्या म्हटलं, "ढेपीले वास येत होता."

वास येत नव्हता, फातिमा.

मंग बाजाराच्या दिवशी सरपंचानं दवंडी द्याले लावली, शकीलची ढेप कोणी घेऊ नये. बारा वर्षं गावच्या म्हशींनी खाल्लेली ढेप, एक वासरू आजारी पडलं नाही. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात, ते हे. चोर पुढच्या रांगेत बसून पाहत होता.

 

झुंबरबाई


पिंपळगाव राजा
१६ डिसेंबर २०१५

फातिमा,

प्रेरणाले संगं घेऊन साखरखेर्ड्याले गेलती. दोन गाड्या बदलल्या. अकीलसेठच्या अंगणात उभ्या उभ्या सारं सांगितलं. पुडी दाखवली, रिपोर्ट दाखवला. त्याइनं शांतपणे ऐकलं, खुर्ची देल्ली. म्हणे, "बाई, आमच्या पोराची, फहीमची मंगनी झाली मागच्या जुम्म्याले. जालन्याकडची पोरगी हाय. माणूस वाईट नाही हे तुम्ही त्याच दिवशी बोलल्या असत्या तर आम्ही कुठं जात नव्हतो. पोरगी आमच्या मनात भरली होती." मंग चहा आला. म्या पेला. गोड होता का नव्हता, सांगता येत नाही.

येताना गाडीत प्रेरणा म्हणे, "आत्याबाई, रडा तरी." म्या म्हटलं, "तू तिकिटं सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सरपंचाकडं गेली. त्याइनं ऐकून तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. मंग शालिग्राम कोतवालाकडं गेली. म्हटलं, दवंडी द्याची हाय, माझ्या नावाची. "काकू, डोकं ठिकाणावर हाय ना?" तो म्हणे. "लोकं हरवलेल्या गाईची दवंडी देतात. स्वतःची कोणी देते का?"

काल दुपारी दिली. शालिग्राम डफडं वाजवत पुढं, मी मांगं. पहिल्या चौकात त्यानं आवाज बारीक काढला, जसा काही त्याचाच गुन्हा. मंग म्याच ओरडली. शब्द असे होते: "ऐका हो ऐका! झुंबरबाई उकंडराव कळवते का, गटाचे मासे शकीलभाऊच्या ढेपीनं मेले नाहीत. झुंबरबाईनं औषध लावलेली सरकी भरडून तळ्यात टाकली, म्हणून मेले. ढेपीले वास येत होता, हे झुंबरबाई खोटं बोलली!"

नवऱ्याचं नाव असं चौकात घेतलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. सोजराबाईच्या दारापुढं दोनदा म्हटलं. दार लागलेलं होतं. घरधनी संध्याकाळी जेवले नाहीत. कोणी सांगितलं असन वावरात.

झालं. आता तुम्ही या. लिंबं तोडाची राह्यली.

झुंबरबाई


संग्रामपूर
२४ डिसेंबर २०१५

झुंबरबाई,

मी सांगून राह्यली, अलफिया लिहून राह्यली. तुमची पत्रंही तिनंच मले वाचून दाखवली. साखरखेर्ड्याचं सुद्धा तिनंच वाचलं, एक शब्द गाळला नाही.

ह्याइले सारं सांगितलं. तर म्हणे, मले ठाऊक होतं. ईदीहून आलो त्याच दिवशी झुंबरबाईच्या ओट्यावर गुलाबी सूप पाह्यलं, अन् मेलेला मासा चिरला तर पोटात गुलाबी भरड. हे ऐकून म्या कपाळावर हात मारला. म्हटलं, या खुदा, मंग बैठकीत काऊन नाही बोललात? म्हणे, मी बोललो असतो तर कोणं मानलं असतं? म्हणून झुंबरबाईलेच इचारलं. बाई खऱ्या हायेत, बोलतीन. त्या दिवशी नाही बोलल्या तर वाटलं, उद्या बोलतीन. टेम्पोत बसलो तवा हे मांगं पाहत होते. मले वाटलं, घराकडं पाहून राह्यले. हे तुमच्या दाराकडं पाहत होते. इथं येऊनही चार महिने रोज इचारत, पिंपळगावहून काही आलं का? मी म्हणे, काय येणार हाय तिथून?

ह्याइनं तुम्हाले माफ केलं का नाही, ते त्याइले इचारा. म्या नाही केलं. विष तुम्ही चुकून टाकलं, ते म्या समजू शकते. म्याही पुडीची मागची बाजू कधी वाचली नाही. पण चुलीवर दूध नव्हतं, झुंबरबाई.

अन् एक इचारते. दवंडी दुपारी दिली म्हणता. वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात कोण राहते? म्हातारे अन् कुत्रे. सोजराबाईचं दार लागलेलं होतं, कारण ती वावरात होती. आमच्या नावाची दवंडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहाले एस. टी. स्टँडवर दिली होती. तुमचीही तिथंच द्या. मंग आमचं येणं न येणं पाहू.

लिंबं तोडून घ्या. वाया घालवू नका.

फातिमा


पिंपळगाव राजा
२ जानेवारी २०१६

फातिमा, अन् अलफिया बाई,

तू बरोबर बोललीस. दुपारची वेळ म्या पाहूनच निवडली होती.

काल बाजार होता. दहाले स्टँडवर गेली. शालिग्राम येईना. म्हणे, काकू, बाजारात माझी हशी होईन, हे घ्या डफडं, तुमचं तुम्ही वाजवा. मले कुठं वाजवता येते? कसंही बडवलं. बेसूर वाजलं म्हणूनच लोकं जमले असतीन. तेच शब्द म्हटले, तीनदा. भाजीवाले थांबले, खामगावची गाडी थांबली, पोरंसोरं हसली. सोजराबाई पिशवी घेऊन समोरच उभी होती. म्हणे, "लाज सोडली बाईनं." म्या म्हटलं, "हाव, सोडली. तूही बोलली होतीस ते आता सांगू का?" ती वांगी घ्याची सोडून निघून गेली.

मंग गर्दीतून रंगराव ओरडला, "अवं झुंबरबाई, तवा काऊन नाही बोललीस?"

दवंडीत त्याचं उत्तर नव्हतं. म्या डफडं खाली ठेवलं.  मंग म्हटलं, "शकीलभाऊले कोणी इचारणारं नव्हतं, अन् मले कोणी संशयानं पाहत नव्हतं. म्हणून नाही बोलली."  खामगावची गाडी निघाली तशी गर्दी मोडली.

घरी आली. प्रेरणानं भाकर वाढली. पहिलाच घास घेतला अन् म्हटलं, "बाप्पा, केवढं मीठ टाकलं वं भाजीत!" ती माझ्याकडं पाहतच राह्यली. म्हणे, "आत्याबाई, रोज एवढंच टाकते." मंग मले जेवणं झालं नाही. ताट सरकवलं अन् चुलीपाशी बसून रडली, माशाइले, तुमच्या टेम्पोले, अलफियाले. घरधनी आले, पाण्याचा गिलास ठेवला अन् बाहेर जाऊन बसले.

लिंबं तोडली. टोपली भरून गाडीच्या कंडक्टरजवळ दिली हाय, पोहोचली का ते कळव. नाही कळवलं तरी चालन. शकीलभाऊले सांग, त्याइनं इचारलं होतं त्याचं उत्तर देल्लं. उशीर झाला.

कालच्या बाजारात कोण कोण नव्हतं, ते पाहून ठेवलं हाय. पुढच्या बाजाराले परत उभी राहीन.

झुंबरबाई